पिल्लांना ऊब, आईला मोकळी हवा
(लेखमाला : जोडधंदा शेताचा, भाग ९)

वसमतच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो आणि पहाटे शेकोटीपुढून उठवत नाही. दुपारी २८-३० अंश, पहाटे ८-१०. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा तर एखाद्या वर्षी ५ च्याही खाली उतरतो. हट्ट्याच्या शिवारात दोन-चार डुकरिणी बाळगायच्या असतील, तर हिवाळाभर ही तफावतच सांभाळावी लागते. डुकरांवरची बरीचशी पुस्तकं थंड मुलखात लिहिलेली आहेत. शेड चहूबाजूंनी बंद करा, असं ती सांगतात. इथं तसं केलं तर दिवसभर मुताची वाफ आत कोंडते, अमोनियानं डोळे चुरचुरतात आणि आठवड्याभरात जनावरं खोकायला लागतात.

खरं तर मोठ्या डुकराला हिवाळा मानवतो. त्याला घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून उन्हाळ्यात ते धापा टाकतं आणि खाणं सोडतं. थंडीत मात्र तेच पोटभर खातं आणि अंग धरतं. रात्रीचा गारठा ते स्वतःच्या चरबीवर निभावून नेतं. बुड कोरडं हवं आणि अंगावर थेट वारं नको, एवढंच त्याचं मागणं. वाऱ्याच्या बाजूनं सांजच्याला बारदान्याचा पडदा सोडावा, ऊन चढलं की गुंडाळून वर करावा. पडदा सोडला तरी छपराखाली हातभर फट उघडी राहू द्यावी. अंथरायला आपल्याकडे पाचटासारखी गोष्ट नाही. ऊसतोड सुरू झाली की ते बांधाबांधावर पडलेलं असतं, एरवी लोक पेटवूनच देतात. सोयाबीनचं भुसकट टाळलेलं बरं, त्याची धूळ फार. पाचट ओलं झालं की काढून टाकायचं. ओल्या अंथरुणापेक्षा झाडलेली उघडी फरशी परवडली.

पंचाईत होते ती पिल्लांची. नवं पिल्लू जेमतेम किलो-सव्वा किलोचं असतं. अंगावर चरबी नाही, केस विरळ. त्याला ३२-३४ अंशांची ऊब लागते, तर त्याच्या आईला २० च्या आसपास बरं वाटतं. एकाच खणात दोन हवामानं करायची आहेत. सगळी शेड तापवली तर डुकरीण खाणं कमी करते आणि दूध आटतं. नाही तापवली तर पिल्लं ऊब शोधत आईच्या पोटाला चिकटतात आणि ती कूस बदलताना चिरडतात. अशी मेलेली पिल्लं लोक आईच्या माथी मारतात, पण निम्मा दोष गारठ्याचा असतो.

उपाय साधा आहे. खणाच्या कोपऱ्यात फळ्यांची एक पेटी करायची, तोंड पिल्लापुरतं आणि तोंडावर गोणपाटाचा पडदा. आत वीतभर पाचट. वर दीड-दोन फुटांवर तापाचा दिवा, तो साखळीनं टांगलेला. नुसत्या वायरवर लोंबकळणारा दिवा पाचटावर पडला की आगीला आमंत्रण. एलईडी दिवा इथं कामाचा नाही, त्याला उजेड असतो, ऊब नसते. रात्री वीज गेली तरी फळ्या आणि पाचट मिळून बराच वेळ धग धरून ठेवतात. भिंतीपासून आणि जमिनीपासून आठ-दहा इंचांवर एक आडवा पाइप बसवला, की आई आडवी होताना पिल्लांना निसटायला जागा राहते.

दिव्याची उंची ठरवायला थर्मामीटर नसला तरी चालतं. पिल्लं एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपली असतील तर त्यांना थंडी वाजतेय. दिवा टाळून पेटीच्या कडेला पडली असतील तर ताप जास्त झालाय. शेजारी शेजारी, कुशीवर, पाय सोडून पसरली असतील तर दिव्याला हात लावू नका.

व्यायल्याबरोबर पिल्लू कोरड्या फडक्यानं पुसायचं, नाळेला आयोडीन लावायचं आणि चिकाला लावायचं. डुकरिणीचं दूध हवं तेव्हा येत नाही. ती तासा-तासानं पान्हा सोडते, तोही जेमतेम वीसेक सेकंद. त्या आधी तिचं हुंकारणं जलद होत जातं आणि पिल्लं आपापल्या सडाला धावतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रत्येकाचा सड ठरून जातो. पुढच्या सडांना दूध जास्त, म्हणून अशक्त पिल्लं हातानं तिकडे लावून द्यावीत. दुधात लोह फार कमी असतं. मातीत नाक खुपसणारं पिल्लू ते थोडंफार मिळवतं, फरशीवरच्याला मिळत नाही. तिसऱ्या दिवशी पशुवैद्यकाकडून लोहाचं इंजेक्शन द्यावंच.

आता चारापाणी. गाभण डुकरिणीला एरवी दोन-अडीच किलो खुराक पुरतो. कडाक्याच्या दिवसांत पाव-अर्धा किलो वाढवावा आणि मोठा वाटा संध्याकाळी द्यावा. पचनातून निघणारी ऊब रात्री कामी येते. कोंडा, लसूणघास यांतल्या चोथ्यानंही अंग गरम राहतं. मक्याला किंवा ज्वारीला बुरशीचा वास असला तर ती गाभण जनावरापुढे टाकू नये. घरचं सोयाबीन भाव पडला म्हणून कच्चं घालणारे आहेत. कच्च्या दाण्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. दाणा आधी नीट भाजावा किंवा उकडावा. कारखान्यातली सोयापेंड तापवलेलीच असते. म्हशीची सरकी पेंड मात्र डुकरापासून लांब ठेवा. तिच्यातलं गॉसिपॉल म्हैस कोठ्यात पचवते, डुकराला ते हळूहळू मारतं.

हॉटेलचं उष्टं फुकट मिळतं, पण २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फिव्हर शिरल्यापासून ते महाग पडू शकतं. या रोगावर औषध नाही. उष्टं द्यायचंच तर चांगलं अर्धा तास उकळून, आणि डुकराचं मांस असलेलं अजिबात नको.

पाण्याकडे थंडीत दुर्लक्ष होतं. रात्रभर टाकीत राहिलेलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं, जनावर चार घोट घेऊन तोंड फिरवतं. शेण घट्ट होतं, मग व्यायल्यावर दूध उतरत नाही. बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, सकाळी तेच द्यावं. पिल्लांवाल्या डुकरिणीला दिवसाला १५-२० लिटर लागतं.

पण सगळ्यात मोठी सोय कॅलेंडरमध्ये आहे. डुकरीण ११४ दिवसांनी विते. १ सप्टेंबरला नर दाखवला की वेत २४ डिसेंबरला, ऐन गारठ्यात. ऑक्टोबरच्या मध्यावर दाखवला तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा. थंडी ओसरते, पण तेव्हा घरातली सगळी माणसं हळदीच्या काढणीत आणि शिजवणीत, रात्री खणात बसायला कोण आहे? २० जुलैच्या सुमाराला नर दाखवावा. मे महिन्याच्या तापानं नराची ढिली पडलेली ताकद तोवर परतलेली असते. वेत ११ नोव्हेंबरला येतं, सोयाबीन घरात आलेलं असतं, आणि २३ डिसेंबरला थंडी कडक होईपर्यंत पिल्लं सहा आठवड्यांची होऊन खुराकाला लागलेली असतात. जुलैत माज चुकला तर २१ दिवसांनी पुन्हा येतो. त्या खेपेचं वेत डिसेंबरच्या सुरुवातीला पडेल, तेव्हा दिवा आणि पेटी आधीच तयार ठेवावी.

(पुढच्या आठवड्यात : लसीकरण आणि जंतनाशकं)