पगार योग्यतेनुसार

मुलुंड असो की बोरिवली, घाटकोपर असो की अंधेरी, आपल्या उपनगरांत एक ओळखीचं दृश्य असतं. इमारतीच्या तळमजल्यावर केमिस्ट, शेजारी झेरॉक्सवाला आणि पहिल्या मजल्यावर नर्सिंग होम. वीस-पंचवीस खाटा, एक ऑपरेशन थिएटर आणि काचेच्या दारावर चिकटवलेला कागद : ‘नर्स पाहिजेत. जीएनएम, एएनएम. पगार योग्यतेनुसार.’

यातला ‘योग्यतेनुसार’ हा शब्द मोठा मजेदार आहे. मुलीने तीन वर्षांचा जीएनएमचा अभ्यासक्रम केलेला असतो, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असते, रात्रपाळ्या काढलेल्या असतात. तरी समोरून आकडा येतो सोळा हजार, फार तर अठरा. घरातली मंडळी म्हणतात, ‘घे गं, अनुभव तरी मिळेल.’ आमच्या शेजारच्या मुलीच्या बाबतीत अगदी हेच झालं. तिचे वडील तिची ऑफर घेऊन माझ्याकडे आले. मी जन्मभर बँकेत होतो, तेव्हा आकड्यांतलं मला कळत असावं असा त्यांचा समज. ‘काका, हे कमी आहे की बरोबर आहे, तेवढं सांगा.’

आता कमी म्हणायचं तर कशाच्या तुलनेत? पुष्कळांना ठाऊक नाही, पण या धंद्यात एक फूटपट्टी आहे. खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं आणि त्याच वर्षी समितीने आपल्या शिफारशी दिल्या. तिने हिशेब खाटांवर बसवला. दोनशेच्या वर खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या नर्सइतका. शंभर ते दोनशे असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि पन्नासच्या आतलं रुग्णालय असेल तरी महिना २०,००० च्या खाली जायचं नाही. केंद्राने हे सगळ्या राज्यांना कळवलं. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे खरं. पण बोलणी करताना हातात काहीतरी धरायला लागतं, तेवढं हे निश्चित आहे.

सरकारी नर्सचा, म्हणजे अधिपरिचारिकेचा, महाराष्ट्रातला मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० पासून सुरू होतो. जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला, तेव्हाच ही रक्कम ५३,१०० झाली, घरभाडं वेगळं. साठ खाटांच्या खासगी रुग्णालयाने या रकमेच्या पाऊणपट द्यायचं ठरवलं तर जवळजवळ चाळीस हजार होतात. हा आकडा ऐकून आमचे शेजारी हसले. हसण्यासारखंच आहे, पण हसू कोणाचं यावं हा प्रश्न आहे.

वीस हजारांचा तो तळही २०१६ चा आहे. औद्योगिक कामगारांसाठीचा महागाईचा निर्देशांक २०१६ साली शंभर धरला, तर २०२४ च्या मध्यापर्यंत तो एकशे चाळीसच्या वर गेला होता. म्हणजे त्या वेळचे वीस हजार आता अठ्ठावीस हजारांच्या घरात धरायला हवेत. सोळा हजारांची ऑफर आजच्या तर सोडाच, दहा वर्षांपूर्वीच्या तळाच्याही खाली आहे. शेजाऱ्यांना मी तसंच सांगितलं.

बँकेत कर्जाच्या टेबलावर आम्ही पगाराची स्लिप खालून वर वाचत असू. वरचा आकडा दाखवायचा असतो, खालचा खायचा असतो. नर्सच्या पत्रावर २२,००० ‘सीटीसी’ लिहिलं असेल तर त्यात मालकाचा पीएफचा हिस्सा धरलेला असतो आणि तिचा स्वतःचा हिस्सा पुढे कापला जातो. मूळ पगार १२,००० धरला तर हेच दोन मिळून २,८८० झाले. ग्रॅच्युइटीचे पावणेसहाशे त्यातच बसवलेले, वर ईएसआयची कपात. हातात अठरा हजारांच्या अलीकडे-पलीकडे येतात. ग्रॅच्युइटी तर पूर्वापार पाच वर्षं टिकणाऱ्याची. या नोकरीत कायम मुली पाच वर्षं एका ठिकाणी कितीशा राहतात? मग युनिफॉर्म, हॉस्टेल, जेवण यांची वजावट होते का, हेही विचारून घ्यावं.

पण माझ्या मते खरी मेख तासांत आहे. २२,००० रुपये, बारा तासांची पाळी, महिन्याचे सव्वीस दिवस : तासाला साधारण सत्तर रुपये पडतात. १८,००० रुपये आणि आठ तासांची पाळी : तासाला साडेशहाऐंशी. मोठा वाटणारा आकडा छोट्याहून स्वस्तात काम करून घेतो. त्यात बदलापूर किंवा विरारहून येणारी मुलगी असेल तर दिवसाचे तीन तास लोकलमध्ये जातात. बारा तासांची पाळी संपवून रात्री घरी कशी जाणार, हा प्रश्न पगाराबाहेरचा नव्हे.

त्याचबरोबर एका पाळीत तिच्या वाट्याला किती रुग्ण येतील, हेही विचारावं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. एकटी मुलगी पंधरा खाटा सांभाळत असेल तर ती तिघींचं काम एकीच्या पगारात करते आहे. चूक झाली तर ती मात्र एकटीची.

कमी पगार कधीच घेऊ नये असं मात्र मी म्हणणार नाही. मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत वर्षभर शिकायला मिळत असेल आणि कामाचा स्वच्छ दाखला मिळणार असेल, तर दोन-तीन हजार सोडणं हा हिशेब ठरू शकतो. पुढे बाहेरगावी, परदेशी जायचं असेल तर तो दाखलाच चालतो. पंचवीस खाटांच्या ठिकाणी, जिथे सिस्टरनेच केसपेपर भरायचे आणि बिलाचे पैसेही घ्यायचे, तिथे ‘अनुभव’ हा शब्द पगाराच्या जागी वापरला जातो.

आपल्या घरांतली एक अडचण निराळीच आहे. नर्सिंग म्हणजे सेवा, आणि सेवेचे पैसे मागायचे कसे! २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, त्यात पगाराचा विषय नव्हता. शिवाय मुलीचा पगार म्हणजे ‘घरात तेवढाच हातभार’, असं समजणारे आईवडीलही कमी नाहीत. इंजिनीअर मुलाच्या ऑफरवर रात्र रात्र चर्चा करणारे हेच लोक. केरळातल्या नर्सेसनी हा संकोच सोडला. २०११ पासून संघटना बांधली, संप केले, आणि एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्या सरकारने खासगी रुग्णालयांसाठी किमान मूळ वेतन २०,००० रुपये जाहीर केलं. आपल्याकडच्या वॉर्डांत त्याच मुली आपल्या मुलींच्या शेजारी उभ्या असतात. त्यांना नुसतं विचारलं तरी पुष्कळ कळेल.

शेवटची गोष्ट मूळ प्रमाणपत्रांची. काही ठिकाणी ती ठेवून घेतात आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात. मधेच सोडलं तर पैसे भरा, नाहीतर कागद मिळणार नाहीत. मग पगार वाढवायची गरजच उरत नाही. मुलगी जाणार कुठे? मूळ प्रत दाखवावी, झेरॉक्स द्यावी आणि मूळ प्रत पिशवीत घालून घरी आणावी. शेजारच्या मुलीने तेवढं केलं आणि वीस हजार मागितले. दोन दिवसांनी कळवतो म्हणाले. तिने त्याच दुपारी घाटकोपरला आणखी एका ठिकाणी अर्ज टाकला.