अलार्म वाजतो, चोरी थांबते का?

मोटारीत बसवलेला अलार्म चोरी रोखतो की नाही, याचा विचार करताना दोन गुन्हे आधी वेगळे काढावे लागतात. अख्खी गाडी पळवून नेण्यासाठी चोराला दार उघडून आत बसावे लागते, इंजिन सुरू करावे लागते आणि लोकांच्या डोळ्यांदेखत ती रस्त्यावर आणावी लागते. उलट उभ्या गाडीची काच फोडून सीटवरची बॅग किंवा लॅपटॉप लांबवणाऱ्याचे काम काही सेकंदांत आटोपते आणि त्याला इंजिनाशी कसलेच देणेघेणे नसते. अलार्मकडे मात्र या दोन्हींवर एकच उपाय आहे, तो म्हणजे आवाज. आवाजाने चाक अडत नाही आणि काचही वाचत नाही. तो ऐकून कोणीतरी धावून येईल, किंवा कोणी येईल या भीतीने चोर पळ काढील, एवढ्याच गृहीतकावर ही सारी यंत्रणा उभी आहे. गेल्या काही दशकांत मोटारचोरीचा जो अभ्यास झाला, त्यातून हे गृहीतकच सर्वांत कच्चे ठरले आहे.

अलार्मची रचना तशी साधी असते. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या बिजागरांजवळ किंवा कुलपांत छोटे स्विच असतात आणि गाडी कुलूपबंद असताना त्यांपैकी एखादा उघडला, तर नियंत्रक पेटी सायरनला विद्युतप्रवाह देते. याच्या जोडीला अनेक गाड्यांत धक्का ओळखणारा संवेदक, म्हणजे हादऱ्याचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारा छोटा घटक बसवलेला असतो. काही महागड्या गाड्यांत मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडून हालचाल टिपणारी यंत्रणा, तसेच गाडी उचलून नेली जात असल्यास कललेला कोन ओळखणारी यंत्रणाही असते. अडचण या धक्का-संवेदकापासून सुरू होते, कारण हादरा चोराच्या हाताचा की शेजारून गेलेल्या ट्रकचा, हे त्याला कळत नाही. संवेदनशीलता वाढवली तर मांजराने बॉनेटवर उडी मारली तरी सायरन वाजतो आणि कमी केली तर खऱ्या प्रयत्नाचीही दखल घेतली जात नाही. दिवाळीच्या रात्री सुतळी बॉम्ब फुटला की सोसायटीच्या पार्किंगमधल्या चार-पाच गाड्या एकदम कोकलू लागतात, वॉचमन जागचा हलत नाही आणि तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी चावीचे बटण दाबून आपली गाडी गप्प करतो, हे दृश्य मुंबई-पुण्यातल्या रहिवाशांना नवे नाही. त्या वॉचमनला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण शंभर वेळा विनाकारण वाजलेला सायरन एकशे एकाव्या वेळी खरा असेल, असे मानायला त्याच्यापाशी काही आधारच नसतो.

या प्रश्नाची सर्वांत जाहीर चर्चा न्यूयॉर्क शहरात झाली. दाट वस्ती, अरुंद रस्ते आणि रात्रभर रस्त्यालगत उभ्या राहणाऱ्या हजारो मोटारी यांमुळे तेथे अलार्मचा त्रास इतका वाढला, की ट्रान्सपोर्टेशन ऑल्टरनेटिव्ह्ज या नागरी संस्थेने २००३ मध्ये एक अहवाल काढून अशा अलार्मांवर बंदीच घालावी अशी मागणी केली. वाजणाऱ्या अलार्मांपैकी ९५ ते ९९ टक्के खोटे असतात, असे त्या अहवालाचे प्रतिपादन होते. संस्था बंदीच्या बाजूची असल्याने हा आकडा जपूनच घ्यावा लागतो. परंतु अमेरिकी विमा कंपन्यांच्या आधाराने चालणाऱ्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट या संस्थेला अलार्मविरुद्ध असा कोणताच आग्रह नव्हता आणि तिनेही १९९७ मध्ये विम्याच्या दाव्यांचा अभ्यास करून, अलार्म असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकंदरीत घट दिसत नाही, असाच निष्कर्ष काढला होता. विमा कंपनी चोरीची किंमत स्वतःच्या खिशातून मोजते, त्यामुळे या साक्षीला वजन आहे. न्यूयॉर्कमध्ये सरसकट बंदी आली नाही. मात्र अलार्म तीन मिनिटांत आपोआप बंद झाला पाहिजे, असा नियम तेथे आहे. जो आवाज तीन मिनिटांहून जास्त चालला तर कायद्यानेच उपद्रव ठरतो, त्या आवाजाकडून संरक्षणाची अपेक्षा करावी ही मोठीच विसंगती आहे.

काच फोडून होणाऱ्या चोरीत तर अलार्मची मर्यादा आणखी उघडी पडते. सॅन फ्रान्सिस्को शहरात २०१७ या एका वर्षात अशा ३० हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली. तेथील चोर स्पार्क प्लगमधल्या पांढऱ्या चिनी मातीसारख्या भागाचे तुकडे वापरतात, हे इतके सर्वज्ञात झाले, की कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत घरफोडीच्या हत्यारांच्या यादीत या तुकड्यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला. यामागचे भौतिकशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. मोटारीच्या बाजूच्या काचा बहुधा टेम्पर्ड, म्हणजे तापवून झपाट्याने थंड केलेल्या असतात. त्यामुळे त्यांचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो, आणि साध्या ठोशाला त्या दाद देत नसल्या, तरी काचेहून कठीण अशा टोकदार कणाने पृष्ठभागाला सूक्ष्म तडा गेला की आतला ताण मोकळा होऊन अख्खी काच क्षणात बारीक दाण्यांच्या रूपाने खाली कोसळते. या आघातात जोर जवळजवळ नसतोच, त्यामुळे धक्का-संवेदकाला पुरेसा हादरा बसेलच असे नाही. दार उघडलेलेच नसते, त्यामुळे दाराचा स्विचही शांत राहतो. चोर फुटलेल्या चौकटीतून हात घालून बॅग काढतो आणि अलार्म वाजलाच, तर तो निघून गेल्यावर वाजतो. सीटवर काहीच न ठेवणे हा अगदी साधा उपाय येथे कोणत्याही इलेक्ट्रॉनिक साधनाहून अधिक कामाचा ठरतो.

चोरी रोखण्याचे खरे यश कोणाचे, हे पाहायचे असेल तर आवाज न करणाऱ्या साधनांकडे वळावे लागते. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टीअरिंग लॉक, म्हणजे चावी काढताच स्टीअरिंगचा दांडा अडकवून ठेवणारे कुलूप, नव्या-जुन्या सर्व मोटारींना सक्तीचे केले आणि तेथील मोटारचोरी घटली. ब्रिटनने तोच उपाय १९७० च्या दशकाच्या आरंभी फक्त नव्या गाड्यांपुरता लागू केला, तेव्हा चोरांनी मोर्चा जुन्या गाड्यांकडे वळवला. संरक्षण अर्धवट दिले तर गुन्हा कमी होण्याऐवजी जागा बदलतो, हा धडा या दोन देशांच्या तुलनेतून मिळाला आणि पुढच्या धोरणांवर त्याची छाप राहिली.

स्टीअरिंग लॉकचा पुढचा टप्पा म्हणजे इमोबिलायझर. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत ट्रान्सपाँडर नावाची एक लहानशी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही, कारण इग्निशनभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून मिळणाऱ्या चुंबकीय ऊर्जेवरच ती जागी होते आणि आपली सांकेतिक ओळख गाडीच्या संगणकाला कळवते. ओळख जुळली नाही तर इंधन किंवा ठिणगी यांपैकी एक गोष्ट रोखली जाते आणि इंजिन चालू होत नाही. मग चोराने दार उघडले, इग्निशन तोडले, तारा जोडल्या, तरी गाडी जागची हलत नाही. यासाठी शेजाऱ्याला जागे व्हावे लागत नाही, पोलिसांना बोलवावे लागत नाही आणि मालकालाही काही आठवावे लागत नाही. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. बेन व्होलार्ड आणि यान व्हान अवर्स या अर्थशास्त्रज्ञांनी नेदरलँड्समधील चोऱ्यांचा मॉडेलनिहाय अभ्यास केला, तेव्हा जुन्या गाड्यांकडे वळलेल्या चोऱ्या हिशेबात धरूनही एकंदर घट सरासरी सुमारे ४० टक्के असल्याचे त्यांना आढळले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर वाहनांशी संबंधित चोऱ्या जितक्या कोसळल्या, त्यामागेही सेंट्रल लॉकिंग आणि इमोबिलायझर यांचा मोठा वाटा असल्याचे ग्रॅहम फॅरेल, आंद्रोमाकी त्सेलोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे.

या बाबतीतला सर्वांत बोलका पुरावा मात्र अमेरिकेने नकळत उभा केला. त्या देशात इमोबिलायझर कायद्याने सक्तीचा नव्हता. तरीही २०१५ पर्यंत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत तो मूळचाच येत होता, तर ह्युंदाई आणि किया यांच्या बाबतीत हे प्रमाण २६ टक्के होते. शेजारच्या कॅनडात मात्र २००७ पासून सक्ती असल्याने त्याच कंपन्यांच्या गाड्यांत तो होता. २०२१ च्या सुमारास मिलवॉकी शहरात या गाड्या चावीशिवाय सुरू करण्याची युक्ती तरुण मुलांमध्ये पसरली आणि पुढच्या वर्षी समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळे ती देशभर गेली. चोरलेल्या गाड्या बेफाम हाकताना अपघात होऊन माणसे मेली, हा या प्रकरणाचा सर्वांत दुःखद भाग होय. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर केली. तिच्यात दोन बदल होते: अलार्म ३० सेकंदांऐवजी एक मिनिट वाजणार होता, आणि गाडी रिमोटने कुलूपबंद केलेली असताना इंजिन सुरू होणार नव्हते. हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटच्या पाहणीत, सुधारणा केलेल्या गाड्यांच्या चोरीचे दावे निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. अर्धे मिनिट जास्त वाजणाऱ्या सायरनला याचे श्रेय देणे कठीण आहे. फरक पडला तो इंजिन अडवल्याने. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली, की या गाड्यांच्या मोडतोडीचे दावे मात्र वाढले होते, कारण आतले सॉफ्टवेअर बदलले आहे हे बाहेर उभ्या असलेल्या चोराला कळत नव्हते. तो पूर्वीसारखीच काच फोडत होता, इग्निशन उचकटत होता आणि हात हलवत परत जात होता. गाडी वाचली, पण दुरुस्तीचा खर्च मालकाच्या माथी आला.

यावरून डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल दिवा किंवा काचेवरचा स्टिकर अगदी निरुपयोगी ठरत नाही, असे म्हणावे लागते. सायरन चोराला काम सुरू केल्यावर गाठतो, तर ही खूण त्याला काम सुरू करण्याआधी दिसते, आणि निवड करण्याची वेळ तीच असते. अर्थात खुणेमागे खरे संरक्षण नसेल, तर तिची पत फार काळ टिकत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचे साधन म्हणजे लोजॅक. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ पासून वापरात आलेला हा लहान रेडिओ-प्रक्षेपक गाडीत लपवून बसवला जाई आणि गाडीवर त्याची कोणतीच खूण नसे. चोरीची तक्रार आली की पोलीस त्याच्या संकेताच्या मागाने गाडीपर्यंत पोहोचत. इयन एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या शहरांत लोजॅक पसरले तेथे सर्वच गाड्यांची चोरी लक्षणीय घटल्याचे दाखवले, कारण कोणत्या गाडीत ते आहे हे चोराला ओळखता येत नसल्याने प्रत्येक गाडी धोक्याची झाली. मात्र या लाभाचा दहा टक्क्यांहूनही कमी भाग पैसे भरून साधन बसवणाऱ्याच्या वाट्याला येतो आणि उरलेला शेजाऱ्यांना फुकट मिळतो, असाही त्यांचा हिशेब होता. अलार्मचा हिशेब नेमका उलटा आहे: त्यापासून मिळणारा दिलासा मालकाचा आणि झोपमोड सगळ्या गल्लीची. बाजारात आजवर अलार्म जास्त आणि लपलेले प्रक्षेपक कमी विकले गेले असतील, तर त्याचे कारण या विषम वाटणीत शोधावे लागेल.

चोरही थांबलेले नाहीत. बिनचावीच्या, म्हणजे किल्ली खिशात असतानाच उघडणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत घरात ठेवलेल्या किल्लीचा मंद संकेत एका यंत्राने उचलून दुसऱ्या यंत्राने गाडीपर्यंत पोहोचवला जातो. गाडीला मालकच आल्यासारखे वाटते, ती आपण होऊन दार उघडते आणि अलार्म वाजायला कारणच उरत नाही. अशा वेळी किल्ली धातूच्या डब्यात ठेवणे किंवा स्टीअरिंगवर जाड लोखंडी दांडा अडकवणे हे जुने उपाय पुन्हा उपयोगी पडू लागले आहेत, आणि भारतात अनेक मालक आजही बसवून घेतात त्या गिअर लॉकचा आधार याच कारणाने कमी लेखता येत नाही.

भारतात या संरक्षणाला आर्थिक उत्तेजन देणारी एक जुनी तरतूद आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, या संस्थेने मान्यता दिलेले चोरीविरोधी साधन गाडीत बसवले असेल, तर भारतीय मोटार टॅरिफनुसार गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विमाहप्त्यावर अडीच टक्के सूट मिळते आणि ती जास्तीत जास्त ५०० रुपयांची असते. चोरी झाली तर दावा मंजूर करताना कंपन्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागतात, म्हणजे किल्लीचे महत्त्व त्यांनी ओळखलेले आहे. परंतु शेजारच्या गाडीलाही सुरक्षित करणाऱ्या साधनासाठी मालकाने हजारो रुपये खर्च करावेत असे वाटत असेल, तर ही ५०० रुपयांची मर्यादा वाढवण्याचा विचार विमा नियामकाने केला पाहिजे, आणि ही सूट नुसता आवाज करणाऱ्या साधनाला द्यायची की गाडी जागेवर रोखून धरणाऱ्या किंवा तिचा माग काढणाऱ्या साधनाला, याचाही निर्णय त्याच वेळी घेतला पाहिजे.