तीन नंबरचा गडी

रग्बीत चेंडू घेऊन पळणारा सगळ्यांना दिसतो. तीन नंबरची जर्सी घातलेला गडी मात्र सामनाभर कुठेतरी डोके खाली घालून रेटत असतो. त्याची मान एकदा नीट पाहा. मान कुठे संपली आणि खांदे कुठे सुरू झाले, पत्ताच लागत नाही!

हा प्रॉप. किरकोळ चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करताना दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून एकमेकांना भिडतात, तो स्क्रम. पुढच्या ओळीत तिघे : मधे हूकर, दोन्ही अंगांना प्रॉप. एक नंबरच्या प्रॉपचे डोके एका बाजूने मोकळे राहते. तीन नंबरचे समोरच्या दोघांच्या मधोमध रुतते. समोरून दोघांचा भार, मागून आपल्याच माणसांचा रेटा, आणि सगळे झेलायचे ते याच्या कण्याने. अव्वल संघांची पहिली धडक यंत्रावर मोजली, तेव्हा एका संघाचा जोर दीड टन वजनाइतका भरला. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरच्या हत्तींनी एकेकाळी जंगलातून सागाचे ओंडके ओढले. माणसाने करायच्या कामांत त्या ओढण्याच्या जवळ जाणारे हे रेटणेच असावे. मानेच्या धास्तीनेच २०१३ पासून आधी एकमेकांना धरायचे आणि मगच भिडायचे, असा नियम आला.

फ्रान्सकडून खेळलेला उइनी अतोनियो असाच तीन नंबरवाला. जवळजवळ साडेसहा फूट उंच, वजन १४० किलोंच्या वर. जन्म १९९० चा, न्यूझीलंडमधला, घर मूळचे सामोआचे. २०११ मध्ये तो ला रोशेल क्लबात आला, तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरलेला. २०१४ मध्ये क्लब वर चढला आणि त्याच वर्षी अतोनियोला फ्रान्सची जर्सी मिळाली. २०२२ मध्ये फ्रान्सने सिक्स नेशन्स स्पर्धेतले आपले पाचही सामने जिंकले. ला रोशेलने २०२२ आणि २०२३, लागोपाठ दोनदा युरोपचा चषक नेला. पळणारे तिशीत मंदावतात. प्रॉप तिशीतच मुरतो.

हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपासाठी झुंजतात, तो कप कलकत्त्याचा रग्बी क्लब मोडला तेव्हा शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून घडवलेला, झाकणावर हत्ती. २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली. सात-सात जणांचा हा प्रकार, स्क्रम तिघा-तिघांचा. त्यातही प्रॉप दोन असतातच.

टीव्हीवर सामना लागला तर स्क्रमच्या वेळी चेंडू सोडा, तीन नंबरचे पाय बघा.