पेशीसाठी प्रकाशाने आखलेली जागा

काचेवर प्रथिन चिकटवायला कसब लागत नाही. फायब्रोनेक्टिनचा द्राव ओतला की ते जिथे तिथे बसतं, आणि पेशी त्यावर पसरतात. खरं कसब आहे ते नको तिथे बसू न देण्यात.

त्यासाठी काच आधी प्लाझ्माने, म्हणजे आयनीभूत वायूने, साफ करतात. तिच्यावर ऋण प्रभार येतो. मग पॉलिलायसिन-पेगचा (पेग म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल) थर. धन प्रभाराचं पॉलिलायसिन काचेला धरून बसतं, त्याला जोडलेल्या पेगच्या साखळ्या वर उभ्या राहतात. अळवाचं पान पाण्याला दूर ठेवतं. पेगचं नेमकं उलट. ते पाणी इतकं घट्ट धरतं की प्रथिनाला शिरायला जागाच उरत नाही.

ही मनाई हवी तिथे उठवायची, एवढंच प्रकाशाचं काम. जुन्या रीतीत क्रोमने झाकलेल्या क्वार्ट्झच्या पट्टीत हव्या त्या आकाराच्या खिडक्या ठेवतात आणि 200 नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडतात. (साधी काच तो गिळून टाकते, म्हणून क्वार्ट्झ.) खिडकीखालचं पेग काही मिनिटांत मोडतं. पण आकार बदलला की पट्टीही नवी. त्यामुळे आता प्रोजेक्टरमध्ये असते तशी सूक्ष्म आरशांची चिप वापरतात. संगणकावरचं चित्र ती 375 नॅनोमीटरच्या लेसरने, सूक्ष्मदर्शकातून, थेट काचेवर उमटवते. या प्रकाशाने एकट्याने पेग तुटत नाही. सोबत प्रकाशाने चेतणारं रसायन लागतं. जितका प्रकाश, तितकं प्रथिन, त्यामुळे फिकट-गडद छटाही साधतात. मला यातलं हेच सर्वांत देखणं वाटतं.

मग फायब्रोनेक्टिन, धुणं, पेशी, पुन्हा धुणं.

एवढा खटाटोप कशासाठी? 1997 साली ख्रिस्तोफर चेन, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी रक्तकेशिकांच्या पेशी छोट्या-मोठ्या ठिपक्यांवर वाढवल्या. (ठिपके शिक्क्याने उठवले होते, पण असे शिक्केही प्रकाशाने कोरलेल्या साच्यातूनच निघतात.) इवल्या ठिपक्यावर आक्रसलेल्या पेशी मरत, मोठ्यावर पसरलेल्या जगत. शंका उरते: मोठ्या ठिपक्यावर प्रथिनही जास्त मिळतं ना? म्हणून त्यांनी प्रथिनाचं एकूण क्षेत्र इवल्या ठिपक्याएवढंच ठेवून ते विखुरलेल्या बारीक ठिपक्यांत वाटलं. पेशी त्यांवरून ताणून पसरली आणि जगली.

पेशी मात्र आखून दिलेल्या जागेत कायम राहत नाहीत. त्या स्वतःच फायब्रोनेक्टिन स्रवतात, आणि काही दिवसांत कडा पुसट होऊ लागतात. प्रयोग त्याआधी उरकावा लागतो.