पलटणीतली धूम्रबोली

बंगळूरच्या पेठेतला कानडी माणूस तंबाखूला ‘होगेसोप्पु’ म्हणतो. ‘होगे’ म्हणजे धूर, ‘सोप्पु’ म्हणजे पाला. वस्तू सातासमुद्रापलीकडची, पण नाव अगदी घरचे. या शहराला लागून १८०९ मध्ये इंग्रजांची लष्करी छावणी वसली आणि गोऱ्या पलटणींबरोबर तंबाखूची निराळीच नामावळी येथे येत राहिली.

ती सभ्य इंग्रजी नव्हे. साहेबाच्या मेजावरील ‘टोबॅको’चे शिपायाच्या तोंडी ‘बॅकी’ होई. घरातल्या लाडक्या मुलाचे नाव आखडावे तसे. सिगारेटला तो ‘फॅग’ म्हणे. या शब्दाची कुळकथा मौजेची आहे. ‘फॅग-एंड’ म्हणजे मुळात कापडाचे किंवा दोराचे उसवलेले टोक. त्यावरून सिगारेटचे थोटूक, आणि थोटकावरून अखेर सबंध सिगारेटच! मराठीत थोटूक बिचारे थोटूकच राहिले. इंग्रजीत शेपटाने सारे जनावर गिळले.

देवघेव मात्र एकतर्फी नव्हती. तमिळमधील ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी, इंग्रजांनी उचलला व त्याचा ‘चेरूट’ केला. मराठीतला ‘चिरूट’ त्याच कुळातला.

१९१३ साली इंपीरियल टोबॅको कंपनीचा सिगारेटचा कारखाना बंगळुरात उभा राहिला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि त्या काळात हलक्या सिगारेटला ‘गॅस्पर’ हे नाव रूढ झाले. गॅस्पर म्हणजे धाप लावणारी. ‘कॉफिन नेल’, म्हणजे शवपेटीचा खिळा, हे नाव तर त्याच्याही आधीचे. लंडनच्या इस्पितळांतील रुग्णांची पाहणी करून डॉल व हिल या संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते मांडले ते १९५० मध्ये. ओढणाऱ्यांनी ते थट्टेत कधीच म्हणून ठेवले होते. पण थट्टा म्हटली की ती कोण मनावर घेतो? खिळा म्हणत म्हणतच पुढची पेटवली जाई.

मराठी माणूस तरी निराळा कोठे आहे? तळहातावर चुना लावून, तंबाखू मळून तो ‘बार भरतो’; जणू गालफडात तोफच ठासायची आहे! तोंडाचा कर्करोग पुष्कळदा नेमका तेथेच, बार धरून ठेवण्याच्या जागी, मूळ धरतो.