भाऊकाकांचा दगड कुठे आहे?

पुण्यात होळकर पुलाजवळ, मुळा रस्त्यावर, खडकीची वॉर सिमेट्री आहे. वीस वर्षे मी तिच्यावरून कॉलेजात जातो. पण आत कधी डोकावलो नव्हतो. यंदा पितृपंधरवड्यातल्या एका रविवारी आमच्या कन्येने हट्टच धरला, म्हणून गेलो.

दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी इथे आहेत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात विखुरलेल्या, पुढे देखभाल होईल याची खात्री नसलेल्या कबरी उचलून इथे एकत्र आणल्या. मुंबईच्या शिवडीतल्या, पहिल्या महायुद्धाच्या ६२९ कबरीही १९६२ साली आल्या. सगळे दगड एका मापाचे! १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचा नियमच तसा: हुद्दा, जात, धर्म काही असो, मान सारखाच.

मुलगी नावे, वये वाचत चालली होती. मध्येच थांबून म्हणाली, "बाबा, आपल्या भाऊकाकांचा दगड कुठे आहे?"

भाऊकाका म्हणजे माझ्या आजीचे थोरले चुलते. मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले, ते परतलेच नाहीत. आजी दर सर्वपित्रीला त्यांच्या नावाने एक पान वाढायची.

मी तिला बसऱ्याच्या स्मारकाविषयी सांगितले. मेसोपोटेमियात पडून ज्यांची कबर सापडली नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी ते १९२९ साली उभारले. पण तिथे नियम मोडला. अधिकाऱ्यांची नावे कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा! २०२१ साली आयोगाने या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली.

"मग भाऊकाका आकड्यातच?" ती रागावली. "त्यांचं खरं नाव काय होतं?"

मी तोंड उघडले आणि मिटले. आजीचे माहेरचे आडनाव ठाऊक, पण भाऊकाकांचे नाव? ते घरात कुणालाच ठाऊक नाही. साहेबाने आकडा ठेवला म्हणून रागावायचा अधिकार मला कितीसा? आम्ही तर जिव्हाळ्यानेच त्यांचे नाव पुसून टाकले होते.

त्या सर्वपित्रीला आम्ही पान वाढले. आता आजीच्या माहेरच्या गावी जाऊन जुनी कागदपत्रे पाहायची, असे ठरले आहे. पुढच्या वर्षी ते पान नावाने वाढायचे आहे.