काळ्याची फीडबॅक लूप

आमच्या होस्टेलच्या काळ्याला तुम्ही ओळखताच. पावसाळ्यात त्याला खाज सुटली, तेव्हा कुणीतरी मेडिकलमधून प्रेडनिसोलोनच्या गोळ्या आणल्या. (त्या 'कुणीतरी'त मीही होतो.) दोन दिवसांत खाज गायब! मग काय, गोळ्या तीन महिने चालूच. काळ्या बादलीभर पाणी प्यायला लागला, जिन्यात मुतायला लागला, पोट सुटलं. एरवी लाडात येणारा, पण मेसच्या मावशींवर गुरगुरला. दिवाळीला आम्ही घरी गेलो आणि गोळ्या एकदम बंद. परत आलो तर साहेब मेसमागे निपचित पडलेले; उलट्या, पाय लटपटताहेत. गुरांचे डॉक्टर आमच्यावर जाम उखडले. त्यांनी सांगितलं ते आपल्या कंट्रोल सिस्टीम्सच्या भाषेत सांगतो.

मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचा संदेश पाठवतो. त्यावरून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी रक्तात एसीटीएच सोडते आणि मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड हार्मोन बनवतात. कॉर्टिसॉल वाढलं की वरचे दोघे हात आखडतात. चक्क निगेटिव्ह फीडबॅक! प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉलच्या साधारण 4 पट जोरदार. ते बाहेरून येत राहिलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे. एसीटीएच आटतं, ॲड्रिनल आक्रसतात. अशात गोळी तोडली की बाहेरचं नाही आणि घरचंही नाही.

जादा स्टेरॉइडचा मेंदूशी संबंध एवढ्यावर संपत नाही. 1968 साली ब्रूस मॅकएवेन यांना दिसलं, की उंदरांमधलं तसलंच हार्मोन मेंदूत सगळ्यात जास्त हिप्पोकॅम्पसला चिकटतं, म्हणजे आठवणी घडतात तिथे. गोळ्या न देताही कुत्र्यांत कॉर्टिसॉल वाढतं, त्याला कुशिंगचा आजार म्हणतात. शंभरात 80-85 वेळा कारण पिट्युटरीतली गाठ. ती फार वाढली तर मेंदूवर दाब येतो. कुत्रा गोल गोल फिरतो, भिंतीला डोकं लावून उभा राहतो. आपण म्हणतो, म्हातारा झाला, चळला.

काळ्याला गाठबीठ नव्हती, आमचीच कृपा होती. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, हळूहळू कमी करायला. कोणत्या तारखेला अर्धी, कोणत्या तारखेला पाव, याचा तक्ता रूम नंबर 14 च्या दारावर लावलाय. सुट्टीत गोळीची जबाबदारी मावशींनी घेतलीय; त्यांच्यावर तो आता गुरगुरत नाही.